नातवाच्या कपाळावरचं बोट

१७ जानेवारी १९७४, गुरुवार

नातू! नातू! नातू!

तीनदा लिहिलं तरी मन भरत नाही. सकाळी सहा वाजून दहा मिनिटं. साडेसहा पौंड. प्रेमिला बरी आहे. पोट्ट्याच्या डोक्यावर हे एवढे केस! रडला तर असा रडला की दवाखान्याच्या फाटकाजवळच्या चहावाल्यानं विचारलं, "आजी, मुलगा काय वं?" मी म्हटलं, हाव! आणि चहा प्यायले गेली होती ते न पिताच परत आली.

एकतीस वर्षं याच मिशनच्या दवाखान्यात आया होती मी. किती लेकरं या हातावर आले, कोण मोजते! रोजचं काम ते. पण आज सिस्टरनं माझ्या पोरीचं लेकरू माझ्या हातात दिलं तर हात असे कापून राहिले की नवी आया हसली मले. म्हटलं हस बाई, तुलेही होईल एक दिवस नात-नातू, तेव्हा पाहीन तुझे हात.

जावईबापू वामनराव महाल मोहल्ल्यातल्या आपल्या घरी पळाले आईबापाले सांगायले. पळालेच — सायकल दवाखान्यातच राहिली!

१९ जानेवारी, शनिवार

घरी आणलं! पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत त्यांच्यातही आहे, आमच्यातही आहे. सवा महिना माझा!

दोन वर्षांआधी प्रेमिलाचं नोंदणीचं लग्न झालं तेव्हा त्यांच्या महालातल्या घरी एक दिवस चूल पेटली नाही म्हणे. ते हिंदू, आम्ही ख्रिस्ती. मग विहीण रुखमाबाई हळूहळू बोलायले लागल्या. तेव्हाच बसून ठरवलं — कोणी कोणाले आपल्याकडं ओढायचं नाही. प्रेमिला रविवारी चर्चले जाते आणि सासरी सणाचं पुरणही वाटते. पुरण तिले माझ्यापेक्षा चांगलं जमते आता! हे तिले सांगायचं नाही.

आज पहिलं न्हाणं मी घातलं. पाटावर बसली, पाय लांब केले, पायावर लेकरू. तेल जिरवलं, डाळीचं पीठ, दूध, मग कोमट पाणी. पालथा होता तोवर चूप. उताणा केला की आभाळ डोक्यावर घेतलं. शेवटचं पाणी ओंजळीनं सोडलं आणि ओल्या बोटानं कपाळावर एक उभी रेघ, एक आडवी. "प्रभू, सांभाळ याले." झालं. दवाखान्यातल्या जुन्या मोठ्या सिस्टर असंच करत, त्यांचं पाहून माझ्या बोटाले सवय लागली. बोट मले विचारत नाही, आपलं आपलं करते.

पायाच्या अंगठ्याजवळचं बोट अंगठ्याहून लांब आहे त्याचं. माझ्यासारखं! प्रेमिलाचं तसं नाही. म्हणजे एक पिढी ओलांडून थेट माझ्याकडूनच नेलं पोट्ट्यानं.

२० जानेवारी, रविवार

तीन वेळा शिंकला. चर्चले गेली नाही. देवाले माहीत आहे काहून.

२१ जानेवारी, सोमवार

आज पाचवा दिवस. पाचवीले सटवाई येते आणि लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते असं त्यांच्यात मानतात. रुखमाबाई दुपारीच रिक्षानं आल्या. पिशवीत नारळ, सुपारी, कोरा कागद, पेन, सगळं. पण दारातच उभ्या. इतक्या तोऱ्याच्या बाई, पण पिशवीचा बंद बोटाले गुंडाळून राहिल्या.

"विहीणबाई, तुमच्या घरात पाचवी मांडू देता काय? नाही म्हणाल तर जबरदस्ती नाही."

मी त्यांच्या हातची पिशवी घेतली. मग म्हटलं, "मांडा. मी हात नाही जोडणार, ते माझ्याच्यानं होणार नाही. पण पाटा धुऊन देते."

पाटा धुतला, कोपरा सारवून दिला. त्यांनी मांडलं, कागद ठेवला, पेन ठेवला. मी सहज पेन उचलून पाहिला तर त्यात शाईच नाही! मी म्हटलं, "विहीणबाई, सटवाई आली तर काय खरवडून लिहील?" त्या घाबरल्याच. मग मी माझा पेन दिला — हाच, ज्यानं आता लिहून राहिली. दोघी इतक्या हसलो की प्रेमिला आतून ओरडली, टाके दुखून राहिले, हसवू नका वं!

रुखमाबाई रात्री इथंच राहिल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरचं जेवल्या. वांग्याची भाजी दोनदा घेतली. तिखट आहे म्हणाल्या, पण घेतली दोनदा.

२२ जानेवारी, मंगळवार

काय लिहू! सगळं पालथं झालं.

सकाळी मी न्हाणं घालायले बसली. शेवटचं पाणी सोडलं, बोट कपाळावर गेलं — उभी रेघ, आडवी रेघ — आणि मागून रुखमाबाई अशा ओरडल्या की मले वाटलं साप निघाला.

"पुसलं वं! पुसून टाकलं! काल लिहिलेलं आज पाण्यानं पुसून टाकलं हिनं!"

मी म्हटलं, "विहीणबाई, बसा. लेकरू ओलं आहे, पहिले त्याले पुसू द्या."

"पुसायचं नाव काढू नको!" तुम्हीचं तू झालं. "आणि हे क्रूस काढलं ना तू? मी काय आंधळी आहे? तुमच्यात असंच डोक्यावर पाणी टाकून बाटवतात. पेन द्यायले किती गोड! अन् मागून हे!"

प्रेमिला रडायले लागली, लेकरू रडायले लागलं. मीच एक नाही रडली, कारण माझ्या हातात लेकरू होतं आणि थंडी होती. टॉवेलात गुंडाळलं, धुरी दिली, मग म्हटलं, "मी त्याले बाटवलं नाही. बसा, सांगते." पण त्या बसल्या नाही. पिशवी भरली. जाताना दारातून बोलल्या ते अक्षर अन् अक्षर लक्षात आहे —

"रविवारी यांना घेऊन येते. त्यांच्यासमोर उत्तर द्या. नाही पटलं तर सोमवारी सून आणि नातू दोघंही महालात. बारसं तिथं. आणि त्याच्या अंगाले तुमचा हात पुन्हा लागणार नाही."

तू म्हणून पुन्हा तुम्ही म्हणाल्या, तेच जास्त लागलं.

पाचवीचा कागद तिथंच विसरल्या. मी पाहिला. कोरा आहे. पेन परत घेतला.

२३ जानेवारी, बुधवार

हे बरं आहे! आज दुसऱ्या बाजूनं आल्या. आमच्या चर्चमधल्या अंजनाबाई. लाडू घेऊन आल्या म्हणून मी खूश, तर लाडूचा डबा ठेवायच्या आधीच —

"जयवंताबाई, तुमच्या घरी सटवाई मांडली म्हणे?"

"मांडली."

"पेनही दिला म्हणे!"

"त्यांच्या पेनात शाई नव्हती."

"चर्चमध्ये काय तोंड दाखवाल?"

मी म्हटलं, "हेच दाखवीन, दुसरं नाही माझ्याजवळ." मग त्यांना बसवलं, चहा दिला, आणि सांगितलं — त्या लेकराची ती आजी आहे, माझ्याइतकीच. भिऊन मागायले आली होती. मी तिच्या देवीले हात जोडले नाही, हे तिलेही तोंडावर सांगितलं. पण तिच्या मायेले दार लावू काय? येशूनं कोणत्या आजीले दारातून परत लावलं, सांगा बरं. अंजनाबाईनं लाडूचा डबा उघडला. मग एक लाडू स्वतःच खाल्ला आणि म्हणाल्या डिंक कमी पडला.

इकडून बाटवलं म्हणतात, तिकडून बाटली म्हणतात. मधात मी आणि माझं पोट्टं! आज त्यानं माझं बोट धरलं. असं घट्ट! सोडवता सोडवेना. मी सोडवलंही नाही, एका हातानं भात खाल्ला.

२५ जानेवारी, शुक्रवार

वामनराव आले. भला माणूस. आधी पोराजवळ बसले, मग माझ्याजवळ ओट्यावर आले. म्हणाले, "आई, तुम्ही बाप्तिस्मा दिला नाही, हे मले माहीत आहे. पण खरं सांगा, तुमच्या मनात काय होतं?"

कोणी असं विचारलं की मले राग येत नाही, उलट बरं वाटते. म्हटलं, "मनात होतं ते सांगते. हा मोठा होऊन आपल्या तोंडानं येशूचं नाव घेईल तर मले पंख फुटतील. हे मनात आहे आणि राहील, खोटं काहून बोलू? पण वाटणं वेगळं आणि चोरणं वेगळं. शेजारच्या झाडाचं संत्रं मले गोड वाटते म्हणून मी ते तोडलं असं होते काय?"

ते हसले. "मग ते बोट?"

"ते आशीर्वादाचं. तुमची आई कडाकडा बोटं मोडून दृष्ट काढते ना, तशी माझी प्रार्थना बोटातून निघते. तुम्ही बाप आहात त्याचे. थांबवा म्हणाल तर थांबवते."

खाली पाहत म्हणाले, "सध्या थांबवा."

"थांबवलं," म्हटलं. "मनातली प्रार्थना नाही थांबवणार, ती तुम्हाले दिसायची नाही. पण तीही करून राहिली हे सांगून ठेवते, मागून म्हणू नका लपवलं."

सायकल घेऊन गेले आज. आठवणीनं.

२६ जानेवारी, शनिवार

बोट न लावता न्हाऊ घातलं. हाताले कळेना आता काय करायचं. शेवटी नाकाले लावलं त्याच्या. शिंकला!

२७ जानेवारी, रविवार

आज झालं एकदाचं. सगळं लिहिते, नाहीतर उद्या विसरीन.

चर्चमधून आली तर रिक्षा दारात उभी. व्याही चंपतराव खुर्चीवर. मिडल पास आहेत ते, कळमेश्वरले कापसाची शेती, आणि वाद घालायची हौस अशी की बाजारात वांगंही वाद घातल्याशिवाय घेत नाही. रुखमाबाई सतरंजीवर, तोंड भिंतीकडं. वामनराव दारात. आणि न बोलावता आमची शेजारीण बायजाबाई उंबरठ्यावर मटर सोलत बसलेली! मी म्हटलं, "बायजा, तुझ्या घरी उंबरठा नाही काय?" म्हणे, "इथं उजेड चांगला आहे."

चंपतरावांनी खिशातून चिठ्ठी काढली. प्रश्न लिहून आणले होते! मले इतकं हसू आलं की पदर तोंडात धरला. जन्मात कोणी मले इतकं विचारलं नव्हतं. चिठ्ठी करून तर कधीच नाही!

"विहीणबाई, राग मानू नका. लोक म्हणतात तुमचे लोक दुधाच्या पावडरसाठी ख्रिश्चन झाले."

"पावडर नाही, ज्वारी," मी म्हटलं. "पावडर फार मागून आली. माझा आजा पाऊणशे वर्षांआधी, छप्पन्या दुष्काळात दोन लेकरं खांद्यावर घेऊन मिशनच्या दारात गेला. ज्वारी भेटली, लेकरं जगले. त्यातलं एक माझा बाप. मग ज्वारीले नाव ठेवू काय? लेकरू मायजवळ पहिले दुधासाठीच जाते. तिचं तोंड ओळखणं मागून होते. आता मले पेन्शन आहे, पोट भरलेलं आहे. पोटासाठी असती तर कधीच उठून गेली असती. मी अजून तिथंच आहे ना?"

चंपतरावांनी चिठ्ठीवर रेघ मारली. खरंच मारली!

"पण देव तर साहेबाचा."

"साहेब जाऊन सत्तावीस वर्षं होतील. सोबत घेऊन नाही गेले देवाले."

बायजाबाई मोठ्यानं हसली, मटर सांडले. चंपतरावांनी चष्मा वर केला. पुढचा प्रश्न त्यांनी चिठ्ठी न पाहता विचारला, म्हणजे मनातला असेल. आवाजही हळू झाला.

"एक मले खरंच समजत नाही. जो देव लाकडावर मेला, स्वतःले वाचवू शकला नाही, तो दुसऱ्याले काय वाचवील?"

हे मी एकतीस वर्षं पाहिलं आहे, त्याले पुस्तक कायले पाहिजे! म्हटलं, "व्याहीबुवा, तुम्ही बाळंतिणीच्या खोलीत कधी गेले नाही. बाईनं ठरवलं की मी मले वाचवते, दुखू देत नाही, तर लेकरू बाहेर येईल काय? तिथं जी ओरडत असते ती कमजोर नसते. येशूले उतरता येत होतं. उतरला नाही. येत नाही आणि करत नाही, यात फरक आहे. तुमच्या घरातच विचारून पाहा."

ते रुखमाबाईकडं पाहायले लागले. रुखमाबाई भिंतीकडंच पाहत होत्या, पण मान हलली. थोडीशी. मी पाहिली!

मग मुख्य मुद्दा निघाला. "तुमच्यात तान्ह्या लेकरालेच पाणी देतात. त्याले काय समजते? मग या लेकराले दिलं नाही कशावरून?"

"देतात ना. पण कसं देतात? आईबाप स्वतः घेऊन येतात. सगळ्यांसमोर बोलतात. चर्चचे पाळकसाहेब विचारतात, सारी मंडळी साक्षीदार, नाव पुस्तकात चढते. लेकराले समजत नाही म्हणूनच तर आईबापानं बोलायचं असते. इथं बाप दारात उभा आहे, विचारा त्याले — बोलला काय तो? नाही बोलला. मग झालं नाही. नहाणीत आजीनं चोरून केलेल्याले आमच्यातही कोणी मान देणार नाही."

बायजाबाईच्यानं राहवलं नाही. "आम्ही बुद्धाचा धर्म घेतला एकोणीसशे छप्पन साली, तो भर दिवसा, मैदानात, लाखो लोकांसमोर. चोरून द्यायची वस्तूच नाही ते. आणि या म्हातारीले डॉक्टरनं मना केलेली साखर चोरून खाता येत नाही, तोंडाले लागून राहते. ही काय धर्म चोरून देईल!"

चंपतराव म्हणाले, "तेही आहे. आणि पाण्यानं सटवाईचं पुसलं असतं तर आपल्या लोकायनं पोरायले आंघोळच घातली नसती."

आता सगळे हसून राहिले. मी चढली! जीभ मोकळी सुटली. म्हटलं, "आणि हे पाहा, वामनराव सत्तेचाळीस सालचे, आमच्याच दवाखान्यातले. तेव्हा न्हाणं माझ्याकडंच होतं. म्हणजे यांच्याही कपाळावर हेच बोट लागलं असेल! काय बिघडलं? बी. ए. झाले, बँकेत लागले, हिंदूचे हिंदू आहेत!"

रुखमाबाई गर्रकन वळल्या.

"काय बिघडलं विचारते? म्हणूनच तर तुमच्या पोरीच्या मागं लागला!"

बाप्पा! चंपतराव खुर्चीतून पडायचे राहिले. वामनराव लाल. प्रेमिला आतून म्हणे टाके, टाके! मी तर डोळ्याले पदर लावला. माझाच पुरावा माझ्याच अंगावर! रुखमाबाईलेही हसू आलं होतं, ओठ दाबून धरले होते. सगळं जमलंच होतं.

तेवढ्यात त्यांनीच विचारलं. हळू. "बरं. एकच सांगा. इतक्या वर्षांत कधीच कोणत्या लेकराले न विचारता पाणी दिलं नाही तुम्ही?"

नाही म्हणायचं होतं, एक शब्द. सगळे त्या शब्दाची वाट पाहून राहिले होते. मी लेकराकडं पाहिलं. झोपेत तोंड हलवत होतं.

"एकदा दिलं," मी म्हटलं.

मग सांगितलं. साहेबाच्या राज्यातली, मोठ्या लढाईच्या वर्षातली गोष्ट. दवाखान्याच्या पायरीवर कोणी एक मुलगी ठेवून गेलं, दोन-तीन दिवसांची. लुगड्याच्या तुकड्यात. आत आणली तर श्वास तुटत होता. डॉक्टरीणबाई ऑपरेशनमध्ये. मी एकटी. तिचं कोणी नव्हतं, आणि ती बिननावाची जाईल हे माझ्याच्यानं पाहवलं नाही. तांब्यातलं पाणी तीनदा घातलं, कृपा नाव दिलं. मांडीवरच गेली. "तिच्या मायले विचारलं नव्हतं, कारण माय नव्हती. बरोबर केलं की चूक, अजून मले कळलं नाही. पण तुम्ही विचारलं, म्हणून खरं सांगितलं. त्याआधी नाही, त्यानंतर नाही."

बायजाबाईचे हात मटरवर थांबले. रुखमाबाई उठल्या. चपला घातल्या आणि रिक्षात जाऊन बसल्या. चंपतराव चिठ्ठीची घडी करत मागून गेले.

प्रेमिला म्हणाली, "आई, सांगायची काय गरज होती? जिंकली होतीस ना!"

जिंकायचं नव्हतं वं मले. पण लेकरू राहावं, हे होतं.

२८ जानेवारी, सोमवार

रिक्षा आज येईल म्हणून त्याचे कपडे घड्या करून ठेवले. झबली सात, लंगोट बारा, टोपडी दोन. अकराला बायजाबाई येऊन बसली, चारला गेली. कोणी आलं नाही. बाराव्या दिवसाचं बारसंही नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

कोणी नाही. पोट्टं मात्र मजेत! झोपेत हसते. कोणाले हसते, विचारावं वाटते.

३१ जानेवारी, गुरुवार

वामनराव संध्याकाळी डोकावून गेले. म्हणाले, "आई बोलत नाही. कोणाशीच नाही." कपडे तसेच घडीत आहेत. रोज त्यातलंच एक काढते, धुऊन परत त्यातच ठेवते.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

आल्या!

एकट्या आल्या. काही न बोलता सरळ नहाणीत. लुगडं गुडघ्यापर्यंत घेतलं, पाटावर बसल्या, पाय लांब केले. "द्या इकडं."

मले वाटलं, आता न्हाणं त्याच घालणार, आणि मग लेकरू नेणार. पण दिलं. त्याची सख्खी आजी आहे. तर काय — धरता येईना! पोट्टं तेलानं मासोळीसारखं निसटते. मी म्हटलं मानेखाली हात, विहीणबाई, मानेखाली! म्हणे मले शिकवू नका, दोन पोरं वाढवले मी. तेवढ्यात पोट्ट्यानं त्यांच्या नव्या लुगड्यावर धार सोडली. मी हसली तर मलेच ओरडल्या, "पाणी टाका, पाणी! पाहत काय उभ्या!" मी पाणी टाकलं. त्यांनी चोळलं. त्याचं आभाळ डोक्यावर घेणं सुरूच. दोघीही ओल्याचिंब!

मग म्हणाल्या, माझ्याकडं न पाहता, "जी बाई मेलेल्या, कोणाच्याच नसलेल्या लेकराचं खरं सांगते, ती माझ्या जित्या नातवाचं खोटं काहून सांगेल? सहा दिवस हेच घोकून राहिली मी."

काजळाची तीट लावली त्याले. मग सरकून बसल्या. "आता तुमचं काय ते करा. माझ्यासमोर करा."

"वामनरावांनी थांबवायले सांगितलं आहे."

"त्याले मी सांगीन. तो माझी माय आहे, का मी त्याची! करा."

केलं. उभी रेघ, आडवी रेघ.

"झालं?"

"झालं."

"एवढंच? मले वाटलं मंत्र लंबा असन."

रविवारी बारसं! इथंच, माझ्या घरी! कपडे घडीतून काढून पुन्हा दोरीवर घातले, उगीच, दिसावे म्हणून.

३ फेब्रुवारी, रविवार

बारसं! पाय तुटले, घसा बसला, मले काही होत नाही!

महालातून अठरा माणसं आली, आमच्या चर्चमधून अकरा. अंजनाबाई आल्या आणि डिंकाचे लाडू पुन्हा करून आणले, आता डिंक जास्त. चंपतराव पाळकसाहेबांना धरून बसले कोपऱ्यात, नवी चिठ्ठी घेऊन! पाळकसाहेबांचा घाम निघाला फेब्रुवारीत. माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले, "यांनाच विचारा." वामनरावांच्या बहिणीनं पाळण्यात वाकून लेकराच्या कानात नाव सांगितलं, मग सगळ्यांनी तिच्या पाठीवर धपाटे घातले. बायजाबाईचा धपाटा सर्वात मोठा.

आनंद. नाव आनंद! हिंदूतही चालते, ख्रिस्तीतही चालते, बायजाबाई म्हणे आमच्यात तर पहिल्यापासूनच चालते. तिघी भांडलो नावासाठी. तो झोपला होता.

४ फेब्रुवारी, सोमवार

रुखमाबाई रात्री राहिल्या. आज न्हाणं झाल्यावर विचारलं, "ते पायरीवरचं लेकरू. कोणत्या महिन्यातलं?"

"पौष."

बोटांवर मोजलं. दोनदा मोजलं. "नाही मग. माझी पोरगी चैत्रातली. वामनच्या आधीची. तिसऱ्या दिवशी सासूनं मांडीवरून उचलून नेली, मागून सांगितलं मेली. पाचवी नाही, बारसं नाही. आठ दिवस वाटून राहिलं होतं, तुम्ही सांगितली ती माझीच असावी. निदान नाव तरी भेटलं असतं तिले."

मी म्हटलं, नाव आताही ठेवता येते. तुमचं तुम्ही ठेवा.

त्या उठल्या. बारशात वाकतात तशा माझ्या कानाशी वाकल्या आणि सांगितलं.

ते इथं लिहीत नाही.